समुद्र शंभर किलोमीटरवर, बंदर चारशेवर

नकाशावर कोल्हापूरपासून पश्चिमेला सरळ रेघ ओढा. शंभर किलोमीटरच्या आत विजयदुर्गची खाडी लागते. आता इथल्या मालाची वाट बघा. गूळ असो, शिरोलीचं कास्टिंग असो की इचलकरंजीचं कापड. दुबईला जायचं असो की सिंगापूरला, आधी उत्तरेला जवळपास चारशे किलोमीटरवरचं न्हावाशेवा बंदर गाठायचं. मग तिथे रांग. मग जहाज. समुद्र उशाला असताना त्याच्याकडे पाठ करून मुंबईकडे पळायचं, हा कोल्हापूरच्या व्यापाराचा रोजचा दंड आहे. तो कुणी ठोठावला, हे विचारायची वेळ कधीच टळून गेली आहे. आता तो किती दिवस भरायचा, एवढंच विचारायचं.

पूर्वी असं नव्हतं. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1945 च्या सुमारास उत्खनन झालं, तेव्हा रोमन बनावटीच्या काशाच्या वस्तू निघाल्या आणि त्यांच्यासोबत पोसायडनची, म्हणजे समुद्रदेवाची, लहानशी मूर्ती. दोन हजार वर्षांपूर्वीची. कोकणातल्या कुठल्या तरी बंदरात उतरून, घाट चढूनच ती इथवर आली असणार. खारेपाटणला सापडलेला शिलाहारांचा ताम्रपट शके 930 चा, म्हणजे इसवी सन 1008 चा. परदेशातून येणाऱ्या गलबतामागे सोन्याचा एक गद्याण घ्यावा, अशी त्यात नोंद आहे. खारेपाटण म्हणजे गगनबावड्याचा घाट उतरल्यावर काही कोसांवरचं गाव. हजार वर्षांपूर्वी तिथे परदेशी गलबतांचा कर गोळा होत होता. आज तिथून कोल्हापूरचा एकही कंटेनर जात नाही.

कोल्हापूरच्या मालाला बाजारपेठ नाही असं सांगणाऱ्यांनी आधी कंटेनरचा हिशेब समजून घ्यावा. शिरोलीच्या कारखान्यात बॉक्स भरायचा तर रिकामा बॉक्स न्हावाशेव्याच्या यार्डातून ट्रेलरवर टाकून इथे आणावा लागतो. इथे भरायचा, सील मारायचं, पुन्हा तेच चारशे किलोमीटर. भाडं दोन्ही बाजूंचं. ज्याचा बॉक्स भरत नाही तो लहान उद्योजक ट्रकने माल पाठवतो आणि तिथल्या गोदामात दुसऱ्यांच्या मालाबरोबर भरून घेतो. तिथली हमाली वेगळी, थांबण्याचं भाडं वेगळं. गाडी खंबाटकी घाटात अडकली, जहाजाची कट-ऑफ चुकली, की पुढच्या जहाजापर्यंत माल पडून. न्हावाशेवा ते जेबेल अली हा समुद्रप्रवास चार-पाच दिवसांचा. कोल्हापूरच्या गोदामातून निघून जहाजात चढेपर्यंत त्याहून जास्त दिवस सहज जातात.

आणि हे कास्टिंग आहे, कापूस नव्हे. कास्टिंगचा बॉक्स जागेने अर्धाही भरत नाही, वजनाने भरतो. म्हणजे बॉक्समध्ये हवा नेल्याचं भाडंही द्यायचं. त्याचा कच्चा मालही असाच लांबून येतो: पिग आयर्न कर्नाटकातल्या कोप्पळ-होस्पेट पट्ट्यातून, कोकचा कोळसा समुद्रापलीकडून. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या तिन्ही ठिकाणच्या फौंड्र्यांत जड माल आत येतो आणि जड मालच बाहेर जातो. असा माल रेल्वेने न्यायचा असतो, हे जगभरातल्या कारखानदारांना ठाऊक आहे. आमच्याकडे तो टायरवर चालतो.

गुळाची गोष्ट तर जीव कळवळावा अशी. काहिलीतला रस वाफ्यात ओततात, मग बादलीत घालून तीस किलोचा रवा, म्हणजे ढेप, पाडतात. शाहू मार्केट यार्डात सौदा निघतो, अडत्या बोली लावतो, हमाल तो रवा पाठीवर घेऊन गाडीत थप्पी लावतो. इथवर सगळं कोल्हापूरच्या हातात. पण गूळ हवेतला ओलावा ओढून घेतो. पावसाळी हवा लागली की त्याला पाणी सुटतं, रंग काळवंडतो आणि भाव पडतो. तो टिकवायचा तर थंड गोदाम पाहिजे आणि वेळेवर निघणारी गाडी पाहिजे. दोन्ही पुरेसं नाही. म्हणून गुजरातचे व्यापारी हंगामात इथला गूळ उचलतात, आपल्या शीतगृहांत ठेवतात आणि वर्षभर विकतात. त्यांना दोष नाही. त्यांनी साठवणीची सोय केली, आपण केली नाही. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कागद हातात आला, पण साठवणीचा नि वाहतुकीचा नफा जातो तिकडेच जातो. गुऱ्हाळवाल्याच्या पदरात पहिल्या सौद्याचा भाव, बस्स.

आता रस्ता. पंचगंगेची धोका पातळी 43 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये नदी 55 फुटांच्या वर गेली आणि दोन्ही वेळा पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला. दोन्ही बाजूंना ट्रकच्या मैलोन्‌मैल रांगा. आत गावात पेट्रोल संपलेलं, बाहेर गोकुळ दूध संघाचं दूध मुंबईला पोचेना. राजस्थान, तमिळनाडूचे ड्रायव्हर गाडी सोडून जाऊ शकत नव्हते, तेव्हा आसपासच्या गावांनी त्यांना भाकरी-भाजी, पाणी नेऊन दिलं. त्याबद्दल या मातीला सलाम. पण देशाचा एक मुख्य महामार्ग गावकऱ्यांच्या भाकरीवर उभा राहतो, ही व्यवस्थेची लाज आहे. 2019 ला म्हटलं, असा पूर शंभर वर्षांत नाही. दोन वर्षांत पुन्हा आला. महामार्गाचा मातीचा भराव नदीला आडवा येतो, पूरपट्ट्यात पिलरवर पूल करा, अशी मागणी पूरग्रस्त घसा कोरडा पडेपर्यंत करत आहेत. सातारा-कागल सहापदरीकरणाची रखडपट्टी प्रवासी रोज बघतात. या कामात पाण्याला वाट ठेवली नाही तर पुढच्या पुरात रुंद रस्ता बुडेल, इतकाच फरक.

पश्चिमेचे घाट? गगनबावड्याखालचा करूळ घाट 2024 च्या जानेवारीत रुंदीकरणासाठी बंद झाला आणि वर्ष उलटलं तरी बंदच होता. गाड्या फोंडा आणि भुईबावड्याकडे वळवल्या. भुईबावड्यात पावसाळ्यात दरड येते. आंबा घाटातून रत्नागिरीकडे जाणारा चौपदरी रस्ता इकडे चोकाक ते अंकलीच्या पट्ट्यात मोबदल्यावरून अडला. शेतकऱ्यांना शेजारच्या पट्ट्याइतका भाव हवा होता. त्यात गैर काय? एका रस्त्यावर दोन दर लावायचे आणि मग काम थांबलं म्हणून शेतकऱ्याकडे बोट दाखवायचं, ही सरकारी सवय वाईट आहे.

जगाच्या अडचणी मी नाकारत नाही. 2021 च्या मार्चमध्ये सुएझमध्ये एक जहाज आडवं झालं आणि सहा दिवस जग थांबलं. 2023 च्या नोव्हेंबरपासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. युरोपला जाणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, दहा-चौदा दिवस वाढले, बॉक्स मिळेना, भाडं भडकलं. शिरोलीचा उद्योजक यातलं काहीही बदलू शकत नाही. म्हणूनच जे बदलता येतं ते तरी बदललेलं असायला हवं.

ते म्हणजे घाट उतरून कोकण रेल्वेला जाऊन मिळणारी कोल्हापूर–वैभववाडी रेल्वे. कोल्हापूर संस्थानाने स्वतःच्या पैशाने मिरजेहून रूळ आणले 1891 मध्ये. चार वर्षांनी, 1895 मध्ये, शाहू महाराजांनी स्टेशनाला लागून गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली. आधी रूळ, मग पेठ. राजाला जे कळलं ते लोकशाहीला कळायला हवं होतं. तेव्हापासून आजतागायत हे स्टेशन शेवटचंच. रूळ पश्चिमेला सरकलेला नाही. 2016-17 च्या रेल्वे अर्थसंकल्पात तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभूंनी सुमारे 107 किलोमीटरच्या या मार्गाचं नाव घेतलं. खर्च तीन हजार कोटींच्या वर. सर्वेक्षण झालं, अहवाल झाला, सुधारित अहवाल झाला. खडी पडली नाही.

त्याच 2016 च्या डिसेंबरात लाओसने चीनच्या सीमेपासून आपल्या राजधानीपर्यंत रेल्वे बांधायला घेतली. चारशेहून जास्त किलोमीटर, 75 बोगदे, सगळा डोंगराळ मुलूख. डिसेंबर 2021 मध्ये गाडी धावली. आज थायलंडची फळं त्या मार्गाने चीनच्या बाजारात जातात. त्या रेल्वेसाठी लाओसच्या डोक्यावर चीनचं मोठं कर्ज चढलं आहे आणि तसं कर्ज आपल्याला नको. पण ज्या देशाला समुद्रच नाही त्याने पाच वर्षांत वाट काढली, आणि आमचा समुद्र शंभर किलोमीटरवर असून आम्ही अहवाल वाचतोय.

लाओस परका वाटत असेल तर घरचं उदाहरण घ्या. कोकण रेल्वे 1990 मध्ये हाती घेतली, 26 जानेवारी 1998 ला पूर्ण मार्ग खुला झाला. 741 किलोमीटर. तेव्हाचे कोकण रेल्वेचे प्रमुख ई. श्रीधरन यांच्या माणसांनी त्याच सह्याद्रीच्या पायथ्याला, त्याच पावसात नव्वदहून जास्त बोगदे खोदले. पुढच्याच वर्षी मालभरले ट्रक रेल्वेच्या वाघिणीवर चढवून कोलाडहून गोव्याकडे नेणारी रो-रो सेवा सुरू झाली. तंत्र आपल्याकडे आहे, माणसं आपल्याकडे आहेत.

माल पुरेसा नाही, असं दिल्लीतून सांगतात. साखर आहे, मळी आहे, गूळ आहे, कास्टिंग आहे, कापड आहे, दूध पावडर आहे. दुसरी हरकत मला खरी वाटते: वैभववाडीला रूळ पोचले म्हणून कंटेनरचं जहाज विजयदुर्गला येणार नाही. जहाज येतं ते जिथे माल साचतो तिथे. रत्नागिरी जिल्ह्यातलं जयगड बंदर 2009 पासून चालू आहे, खोल पाणी आहे, पण तिथे रूळ पोचलेला नाही आणि मुख्य काम कोळशासारख्या सुट्या मालाचं. म्हणून रेल्वेसोबत कोल्हापूरजवळ कंटेनरचा डेपो हवा, कस्टमची तपासणी इथेच हवी, जयगडला फाटा हवा. सांगलीत रांजणीच्या ड्राय पोर्टची घोषणा झाली होती. घोषणेत बॉक्स भरता येत नाही.

डोंगराचं काय, हा प्रश्नही टाळू नये. राधानगरी-दाजीपूरच्या गव्यांच्या जंगलाजवळून कुठलीही वाट काढायची तर किंमत आहेच. पण घाट कापून रुंद केलेल्या रस्त्यापेक्षा बोगद्यातला एकेरी रूळ डोंगराला कमी जखम करतो, असं माझं मत आहे, आणि ट्रकचा धूरही कमी होतो.

पैसे नाहीत, हे मात्र ऐकून घेणार नाही. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग 802 किलोमीटरचा, अंदाजे खर्च 86 हजार कोटींचा. कोल्हापूरचा शेतकरी नको नको म्हणत रस्त्यावर उतरला तरी तो पुढे रेटला जातो. रेल्वे केंद्राची, महामार्ग राज्याचा, तिजोऱ्या वेगळ्या, हे कळतं. पण जे कुणी मागितलं नाही त्याला इतकी घाई आणि कित्येक वर्षं मागितलं जातंय त्याला अहवाल, ही निवड आहे. ती निवड माणसांनी केली आहे आणि माणसांना ती बदलता येते.

कोल्हापूरला लढायला शिकवावं लागत नाही. शहराचा टोल या गावाने हटवला. उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी वकील चार दशकं झगडले आणि 18 ऑगस्ट 2025 ला सर्किट बेंच सुरू झालं. रेल्वेसाठी मात्र प्रत्येक जण वेगळं निवेदन देतो. गूळवाले वेगळे, फौंड्रीवाले वेगळे, लॉरीवाले ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ म्हणत वाराईविरुद्ध, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या हमालीविरुद्ध, वेगळे. फेब्रुवारीत अर्थसंकल्प आला की कुठल्या मार्गाला किती पैसे ते सांगणारं रेल्वेचं पिंक बुक येतं. त्यात कोल्हापूर–वैभववाडीसमोरचा आकडा या सगळ्यांनी एकत्र बसून वाचावा. त्या रकमेत भूसंपादन तरी होणार का, हे त्याच दिवशी कोल्हापूर, हातकणंगले आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग या तिन्ही खासदारांना समोर बसवून विचारावं, आणि तारीख लिहून घ्यावी.