अंतराळवीराचे जॅकेट, साइझ ४२

शंभर-दीडशे वर्षांनंतरचा माणूस काय घालील, याबाबत सिनेमावाल्यांचे बहुतांशी एकमत झालेले आहे. काळे जॅकेट, उभी कॉलर आणि शिवणींतून झिरपणारा निळा उजेड. हे जॅकेट चार्ज कुठे करतात, धुतात कसे आणि ते घालून रिक्षात बसता येते का, हे तपशील पडद्यावर येत नाहीत. प्रस्तुत मार्गदर्शनाचा सगळा भर त्यांच्यावरच आहे.

कॉमिक कॉनला निघालेले तरुण, गॅदरिंगमध्ये झळकू पाहणारे विद्यार्थी आणि सोसायटीच्या फॅन्सी ड्रेसमध्ये पोराला सलग तिसऱ्या वर्षी भाजीवाला करायचा कंटाळा आलेले पालक, या सर्वांना पुढे 'साधक' असे संबोधले आहे. साधकाकडे दोन रविवार, एक डायनिंग टेबल आणि त्या टेबलावर जेवू न शकणारे सोशिक कुटुंब असणे गृहीत धरलेले आहे.

आधी परंपरा

कोणत्याही विद्येला पूर्वसूरी लागतात. या विद्येला ते भारदस्त लाभले आहेत.

२६ मार्च १८८३ रोजी न्यू यॉर्कमध्ये अ‍ॅलिस व्हँडरबिल्ट आपल्या जाऊबाईंच्या घरच्या फॅन्सी ड्रेस मेजवानीला गेल्या, त्या 'विजेचा दिवा' होऊन. पॅरिसच्या चार्ल्स फ्रेडरिक वर्थने शिवलेला पिवळा सॅटिनचा पोशाख, उंचावलेल्या हातात मशाल, आणि ती पेटवणारी बॅटरी पोशाखाच्या घेरात दडवलेली. एडिसनचे पर्ल स्ट्रीटवरचे वीजकेंद्र सुरू होऊन तेव्हा सात महिनेही झाले नव्हते. जावेच्या घरी उठून दिसण्याची ऊर्मी तंत्रज्ञानाला किती पुढे रेटू शकते, याचे हे नमुनेदार उदाहरण. साधकाने घ्यायचा बोध: बॅटरी घेरात लपते, आणि जॅकेटाला घेर नसतो.

१९३९ साली न्यू यॉर्कलाच विज्ञानकथाप्रेमींचे पहिले जागतिक संमेलन भरले. तिथे फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघे भविष्यातल्या माणसांचे कपडे घालून वावरले. कपडे बाईंनीच शिवले होते. त्यांत एकही दिवा नव्हता, त्यामुळे त्या दोघांना संमेलनाकडे लक्ष देता आले असणार.

१९५६ मध्ये जपानच्या गुताई गटातल्या चित्रकार आत्सुको तानाका यांनी 'विद्युत वस्त्र' केले. रंगवलेले सुमारे २०० बल्ब आणि नळ्या, तारांचे जंजाळ, आणि वजन ५० किलोच्या वर. ते अंगावर चढवून त्या प्रेक्षकांसमोर उभ्या राहिल्या. बल्ब तापत होते, झटक्याची धास्ती होतीच. बोध: दिवा हलका आणि थंड हवा.

मग आपल्याकडचा मामला. १९८१ च्या 'याराना'त स्टेडियममधल्या गाण्यात अमिताभ बच्चन दिव्यांनी लखलखणारा पोशाख घालून नाचतात. तेव्हा खिशात मावेल अशा बॅटरीची सोय नव्हती. कपड्यातल्या वायरी पायाकडून खाली उतरून थेट प्लगात गेल्या होत्या. बटण दाबताच अंगाला झटके बसू लागले आणि आपण संगीत सुरू होण्याआधीच नाचू लागलो, ही हकीकत बच्चन यांनी पुढे स्वतःच सांगितली. बोध सांगायची गरज नाही, तरी सांगणे कर्तव्य आहे: घरातली २३० व्होल्टची वीज आणि माणसाचे अंग यांची भेट घडवू नये. या मार्गदर्शनात इथून पुढे ५ व्होल्टच्या वर काहीही नाही.

राहिला ज्याच्यामुळे हे सगळे सुरू झाले तो सिनेमा, म्हणजे १९८२ चा 'ट्रॉन'. त्यातला एकही पोशाख चित्रीकरणाच्या वेळी उजळत नव्हता. नट पांढऱ्या कपड्यांवर काळ्या रेघा ओढून उभे राहिले, चित्रण कृष्णधवल झाले, आणि मग एकेक फ्रेम मोठी करून तिच्यामागून प्रकाश टाकून त्या रेघा चमकवल्या गेल्या. २०१० च्या 'ट्रॉन: लेगसी'त मात्र कपड्यांत खरेच प्रकाशणाऱ्या लवचिक पट्ट्या घातल्या, आणि लगेच बॅटरी आली. बॅटरी आली की ती संपायचा घोरही आला. साधकाने २०१० ची वाट धरलेली आहे, हे त्याने ध्यानात ठेवावे.

साहित्य

जॅकेट एक, काळे, दोन मापे मोठे. ३८ लागत असेल तर ४२ घ्यावे; मधली जागा वायरी व्यापतात. रेक्झिन दिसते झकास, पण त्याला सुईचे भोक पडले की ते जन्मभर राहते. डेनिम क्षमाशील असते.

दिव्यांसाठी बाजारात 'पिक्सेल स्ट्रिप' मिळते. तिच्यावरच्या प्रत्येक दिव्याच्या पोटात एक चिमुकली चिप असते, म्हणून प्रत्येकाला वेगळा रंग सांगता येतो. ही पट्टी मीटरला ३०, ६० किंवा १४४ दिव्यांची येते. मुंबईच्या साधकाने यासाठी लॅमिंग्टन रोड गाठावा. रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. भडकमकर मार्ग असे आहे. ते नाव घेऊन पत्ता विचारल्यास विचारणारा बाहेरगावचा ठरतो. पुण्याच्या साधकाला बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आहे. दोन्हीकडे संवाद साधारण एकच होतो.

"साठवाली की तीसवाली?"

"तीसची, तीन मीटर."

"लग्नाची गाडी सजवायचीय का?"

"नाही. जॅकेटला लावायचीय."

दुकानदार पट्टी मोजता मोजता थांबतो. पाच सेकंद तो साधकाकडे बघतो आणि मग काही न बोलता पुढे मोजू लागतो. या पाच सेकंदांची तयारी घरूनच करून जावी.

याशिवाय: बोटाएवढा कंट्रोलर (ईएसपी ३२ जातीचा), १०,००० एमएएचची पॉवर बँक, सोल्डरिंगचे सामान, अनेक बारीक तारांची वायर, वेल्क्रो, आणि स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी पांढरी फोम शीट.

कृती: आधी गणित, मग शिवण

दोन पुढच्या कडा ६०-६० सेंटिमीटर, दोन बाह्या ५०-५०, पाठीवर ८०. बेरीज तीन मीटर. म्हणजे तीसच्या पट्टीत दिवे ९०. एक दिवा पूर्ण पांढरा पेटला की सुमारे ६० मिलिअँपिअर ओढतो. ९० मिळून ५.४ अँपिअर, ५ व्होल्टला २७ वॉट. साध्या पॉवर बँकेचे तोंड दोन-सव्वादोन अँपिअरच्या पुढे उघडत नाही. ती पाव सेकंद विचार करते आणि बंद पडते. ज्याने साठवाली पट्टी घेतली, त्याने ५४ वॉटचा घाट घातलेला आहे. एवढ्यावर खोलीतला पंखा फिरतो.

यावरचा उपाय फुकट आहे. पांढरा सोडून नुसता निळा लावला की खर्च एकदम तिसऱ्या हिश्शावर येतो. त्यात प्रखरता चौथाईवर आणावी. डोळ्याचा हिशेब विजेच्या मीटरसारखा सरळ चालत नाही. उजेड चौथाई झाला तरी त्याला तो निम्म्याच्या आसपास वाटतो. आता सगळे जॅकेट अर्ध्या अँपिअरच्या आगेमागे चालते आणि तीच पॉवर बँक दहा तास पुरते. भविष्यातली माणसे नेहमी निळी का असतात, याचे एक उत्तर इथे सापडते.

पॉवर बँकेचा आणखी एक स्वभाव लक्षात ठेवावा. फारच कमी वीज ओढली गेली की तिला वाटते, फोन चार्ज झाला, आणि ती झोपी जाते. त्यामुळे साधकाने अंधारात पाच मिनिटे दिवे मालवून, मग एकदम झळकण्याचा नाट्यमय प्रवेश योजला असेल, तर तो अंधारातच राहतो.

पट्टीवर बाण छापलेला असतो. आज्ञा बाणाच्या दिशेनेच वाहते. उलटी जोडली तर पट्टी जळत नाही, रुसते. आणि साधक तीन तास प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतो. कापायची तर तांब्याच्या ठिपक्यांच्या मधोमध, छापलेल्या रेघेवर.

कोपर हा या विद्येतला मुख्य शत्रू. पट्टी एका दिशेला वाकते, पीळ पडला की सोल्डरच्या सांध्यात तुटते, आणि माणूस दिवसभरात कोपर किती वेळा वाकवतो याचा अंदाज त्याला वडापाव खाताना येतो. म्हणून बाहीवर सलग पट्टी लावू नये. दंडाला एक तुकडा, मनगटाकडे एक, आणि मधे कोपराच्या आतून वायरीचा सैल वळसा. वायर बारीक तारांच्या झुपक्याचीच हवी. एकाच जाड तारेची वायर चार दिवसांत आतल्या आत मोडते आणि वरून शाबूत दिसते.

वळसे घालत सगळ्यांत दूरच्या टोकाला येतात ते पाठीवरचे दिवे. वीज तिथवर जाईतो दमते. पांढरा लावला तर ते टोक पिवळट-लालसर पडते, कारण व्होल्ट कमी झाल्यावर निळा आणि हिरवा आधी मान टाकतात. पाठीला वीजपुरवठ्याच्या दोन वायरी थेट पॉवर बँकेपासून वेगळ्या न्याव्यात.

उजेड झिरपवण्याची कला

इतके सारे करून जॅकेट पेटवले की पहिल्या रात्री हमखास निराशा होते. ते भविष्यातले दिसत नाही, दिवाळीच्या माळेत गुंडाळलेले दिसते. प्रत्येक दिवा सुटा टोचतो. हवी असते अखंड रेघ.

याचे शास्त्र महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. आकाशकंदिलात बल्ब कागदाला चिकटवत नाहीत. तो मध्ये टांगतात, आणि उजेड कागदावर पोचेपर्यंत पसरतो. जॅकेटातही दिवा आणि आवरण यांत बोटभर नाही तरी अर्धा बोट अंतर हवे. बटर पेपर घामाने तासाभरात गळतो. पांढऱ्या फोमची दोन मिलिमीटर जाड पट्टी कमानीसारखी वाकवून वेल्क्रोवर बसवली, की ठिपके विरघळून रेघ होते. दिवे विरळ असतील तर कमान उंच करावी लागते. मग माणूस किंचित जाडा दिसतो. हे चिलखत आहे असे सांगता येते.

जॅकेटाला अक्कल देणे

कंट्रोलरसाठी 'डब्ल्यूलेड' नावाचे फुकट सॉफ्टवेअर आहे. ते चढवले की फोनवरून रंग बदलता येतात, शंभरावर हालचाली तयार मिळतात, आणि एकूण किती वीज ओढायची याची मर्यादाही घालून ठेवता येते. ती मर्यादा सर्वप्रथम घालावी. मग 'श्वास' ही हालचाल निवडावी: उजेड हळूहळू वाढतो, हळूहळू उतरतो. इंद्रधनुष्याच्या मोहात पडू नये. इंद्रधनुष्य धावू लागले की अंतराळवीर संपतो आणि ऑर्केस्ट्रा सुरू होतो.

एक खोच मात्र खरीच अवघड आहे. कंट्रोलर ३.३ व्होल्टमध्ये बोलतो आणि पट्टीला ३.५ च्या आसपासचे शब्दच खात्रीने ऐकू येतात. परिणामी जॅकेट घरी टेबलावर बिनतक्रार चालते आणि कार्यक्रमाच्या दिवशी फडफडते. मध्ये आवाज चढवणारी एक छोटी चिप बसवली की हा प्रश्न सुटतो. ती बहुतेक साधक दुसऱ्या जॅकेटाला बसवतात.

वापर, वावर आणि धुणे

पहिली चाचणी घरात घ्यावी. आई चष्मा कपाळावर सरकवून बघते. "छान आहे रे. पण याला धुवायचं कसं?"

"अगं आई, हे धुवायचं नसतं."

"अंगात घालायचं आणि धुवायचं नाही?"

वेल्क्रोचे महत्त्व इथे कळते. सगळ्या पट्ट्या, कंट्रोलर आणि बँक उपटून काढता येत असतील तरच जॅकेट पाण्यात जाऊ शकते. ज्याने ग्लू गनने कायमचे चिकटवले, त्याच्या जॅकेटाचा वास एका कार्यक्रमानंतर परग्रहावरचा होतो.

रिक्षात बसताना पाठ टेकू नये. पॉवर बँक आतल्या खिशात, कापडात न गुंडाळता ठेवावी. गरम लागली तर जॅकेट तडक उतरवावे आणि प्रतिष्ठेचा विचार नंतर करावा. विमानतळावर हे जॅकेट अंगावर घालून जाऊ नये. सप्टेंबर २००७ मध्ये बॉस्टनच्या लोगन विमानतळावर एक विद्यार्थिनी छातीवर सर्किट, हिरवे एलईडी आणि नऊ व्होल्टची बॅटरी मिरवणारा स्वेटशर्ट घालून मित्राला घ्यायला गेली, आणि शस्त्रधारी पोलिसांच्या गराड्यात सापडली. तिच्या दृष्टीने ती कला होती. दिवे काढून जॅकेट सामानात द्यावे, पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवावी. चेक-इन सामानात ती चालतच नाही.

कार्यक्रमात लोक तीन प्रश्न विचारतात: किती खर्च आला, गरम होत नाही का, आणि शॉक बसत नाही का. तिसऱ्या प्रश्नाला 'याराना'ची गोष्ट सांगावी; पहिला आपोआप टळतो.

मग आश्विन महिना येतो. जॅकेट कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत. घरातला आकाशकंदिलाचा बल्ब ऐन वसुबारसेला गेलेला असतो, आणि कुणाला तरी आठवते की तीन मीटर पट्टी वेल्क्रोला नुसतीच लटकते आहे. दहा मिनिटांत ती कंदिलात जाते. कंट्रोलरचा पासवर्ड साधकाला आठवत नाही, त्यामुळे हालचाल जुनीच राहते: उजेड हळूहळू वाढतो, हळूहळू उतरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटतात. "अरे, तुमच्या कंदिलाचं कनेक्शन लूज आहे वाटतं. रात्रभर मिणमिणत होता. वायरमनला बोलावून घ्या."