शंभर वॅटच्या गप्पा

स्थानिक रेडिओवरच्या फोन-इन कार्यक्रमाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "आधी तुमच्या रेडिओचा आवाज कमी करा." फोन लावणारा रेडिओ उशाशी घेऊनच बसलेला असतो आणि आपलाच आवाज आपल्यालाच ऐकू येतोय, या आनंदात निवेदिका काय म्हणते याकडं त्याचं लक्ष नसतं. शेवटी आवाज कमी होतो आणि बोलणं पुढं सरकतं.

"कोण बोलतंय?"

"मी बोलतोय."

"मी म्हणजे कोण, दादा?"

"ताई, आवाजावरनं वळखलं न्हाय व्हय? मागल्या सोमवारी फोन केलता की!"

तिनं ओळखलेलं असतंच. पण रीत आहे. नाव, गाव, पाऊस, जेवण असे सगळे थांबे घेत गाडी विषयावर येते. विषय असतो डाळिंबावरचा तेल्या रोग. आणि फोन करणाऱ्याचं काम एवढंच असतं की, पुतणी दहावी पास झालीय, तिचं नाव रेडिओवर घ्या. नाव घेतलं जातं. शाळेचं घेतलं जातं. पुतणीच्या आजीचंही घेतलं जातं. तज्ज्ञ डॉक्टरसाहेब तेल्याची फाईल उघडून शांतपणे बसून राहतात. तेल्या कुठं पळून चाललाय?

अशा गप्पांचं एक हक्काचं ठिकाण म्हणजे सातारा जिल्ह्यातलं म्हसवड. चेतना गाला सिन्हा यांच्या माणदेशी फाउंडेशननं 2008 मध्ये तिथं 'माणदेशी तरंग वाहिनी' हे सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू केलं, 90.4 मेगाहर्ट्झवर. सामुदायिक रेडिओला प्रक्षेपणाची ताकद मिळते 100 वॅट, म्हणजे आपल्या माजघरातल्या जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. मनोरा साधारण 30 मीटरपर्यंत. पल्ला दहा-पंधरा किलोमीटर. मध्ये डोंगर आडवा आला की तेवढाही नाही. एवढ्याशा मुलखात रेडिओवर बोलणं म्हणजे स्वतःच्या आळीत उभं राहून बोलणं. फरक इतकाच की, मध्येच कुणाला म्हशीची धार काढायला उठता येत नाही.

त्यात नियम असा की, सामुदायिक रेडिओनं स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत आणि राजकारणावर बोलायचं नाही. बातम्या हव्याच असतील तर आकाशवाणीच्या, जशाच्या तशा किंवा फार तर स्थानिक बोलीत उतरवून. नियम करणाऱ्या साहेबांनी माणदेशाच्या या दुष्काळी मुलखात एखादा उन्हाळा काढला नसावा. इथं राजकारण वगळायचं तर पाणी वगळावं लागतं. पाणी वगळलं की शेती गेली, चारा गेला, पोरांच्या सोयरिकीही गेल्या. उरतो तो सकाळचा अभंग. उरमोडी, जिहे-कठापूर, टेंभू ही पाणीयोजनांची नावं इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. पाणी कधी सुटणार हे सांगितलं तर ती माहिती. का सुटलं नाही हे सांगितलं की झालं राजकारण! या दोहोंमधल्या अरुंद बांधावरून निवेदिका रोज चालत असते. फोनवरचे आबा सुरुवात करतात, "ताई, मी कुणाचं नाव घेत न्हाय, पण..." ती घाईघाईनं म्हणते, "आबा, गाणं कुठलं लावू?" आबा गाणं सांगतात. ते गाणंही असं निवडलेलं असतं की, ज्याला कळायचं त्याला बरोबर कळतं. कारण ज्याचं नाव घेतलेलं नसतं, त्याच्याही घरी रेडिओ चालूच असतो.

संस्कृतीचं प्रकरण आणखी निराळं. अशा केंद्रातली एखादी मुलगी जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करायला म्हातारीकडं जाते. म्हातारी म्हणते, "मला काय येतंय, बाय?" आणि लगेच उलटी मुलाखत सुरू करते. कुणाची गं तू? माहेर कुठलं? अजून लग्न का न्हाय? सगळं वदवून घेतल्यावर ती ओवीला लागते, पण हाताखाली जातं नाही म्हणून शब्द अडतो. मग ती फरशीवर मूठ ठेवते आणि गोल गोल फिरवायला लागते. की ओव्या सुरू. शेजारच्या गिरणीचा पट्टाही त्याच वेळी फिरत असतो; तोही मुद्रित होतो. आकाशवाणीच्या स्टुडिओत असं चाललं नसतं. इथं मात्र निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातूनच व्हावेत, आणि होता होईल तो तिथल्याच बोलीत, असं सरकारी धोरणच सांगतं. म्हणजे आजीचं 'न्हाय' आता कायदेशीर आहे.

तसं माणदेशाचं आणि रेडिओचं सख्य जुनं आहे. माणदेशातलेच लेखक व्यंकटेश माडगूळकर पुणे आकाशवाणीवर कितीतरी वर्षं ग्रामीण कार्यक्रम सांभाळत होते. त्यांचे थोरले बंधू ग. दि. माडगूळकर यांचं गीतरामायण 1955-56 मध्ये त्याच केंद्रावरून घरोघरी पोहोचलं. एक भाऊ अयोध्येत, दुसरा चावडीवर.

त्याच 1956 मध्ये पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला. पुणे, नगर, नाशिक, कोल्हापूर आणि तेव्हाचा उत्तर सातारा या पाच जिल्ह्यांतल्या 150 गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं नेमली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम. तो संपला की रेडिओ बंद करायचा आणि जमलेल्यांनी त्यावर बोलायचं. मनातल्या शंका केंद्राला लिहून कळवायच्या आणि उत्तरं पुढच्या कार्यक्रमांतून ऐकायची. कल्पना कॅनडाची, पण कार्यक्रम संपल्यावर बोलत बसायला आपल्याला कॅनडानं शिकवावं, हा जरा अपमानच! टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीनं पॉल न्यूरथ यांनी त्याची तपासणी केली. जिथं ऐकून चर्चा झाली, त्या गावांच्या माहितीत बाकीच्यांपेक्षा ठळक भर पडलेली दिसली. ज्यांना घरची मंडळी 'नुसते बोलत बसता' म्हणून बोल लावत होती, त्यांची बाजू अशी अहवालानिशी सिद्ध झाली.

मला शंभर वॅटच्या या गप्पांचा भरवसा वाटतो तो त्यांच्या आखूड पल्ल्यामुळं. टीव्हीवर तावातावानं भांडणारी मंडळी कार्यक्रम संपला की आपापल्या शहरात निघून जातात; दुसऱ्या दिवशी त्यांना कोण गाठणार? इथं बोलणारा आणि ऐकणारा आठवडी बाजारात मेथीच्या एकाच जुडीला हात घालतात. सोमवारी रेडिओवर 'टँकर नियमित येतोय' म्हणणाऱ्या माणसाला बाजारात बाया रिकाम्या घागरी दाखवतात. मग पुढल्या खेपेला तो जपून बोलतो, किंवा टँकर तरी पाठवतो. दोन्ही फायद्याचंच. सरकारनं उद्या वॅट वाढवून दिले तर कुणी नको म्हणणार नाही; पण मनोरा इतकाही उंच नको की, रेडिओवर थाप मारणाऱ्याला गाठायला दोन एसट्या बदलाव्या लागतील.