ऑडिटकाका

रेल्वेच्या लेखा खात्यातून निवृत्त झालेला माणूस घरी बसला की घरच्यांचं ऑडिट सुरू होतं. ऑडिटकाकांच्या घरच्यांनी म्हणूनच त्यांना धर्मग्रामाला दान केलं. जत्रेचा हिशेब असो की नाताळच्या गोठ्याची वर्गणी, काका चष्मा कपाळावर चढवून हजर. दानपेटीत निघालेल्या फाटक्या नोटेवरसुद्धा त्यांचा शेरा असतो.

एका तपसाधनेत फादर सहज बोलून गेले, की रोज रात्री देवाचे उपकार लिहून काढावेत. बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि चहाकडे धाव घेतली. काकांनी दुसऱ्या दिवशी लाल कापडी पुठ्ठ्याची वही आणली आणि प्रत्येक पानावर उभी रेघ मारली. डावीकडे ‘देवाकडून जमा’, उजवीकडे ‘आमच्याकडून अदा’. उजवी बाजू नेहमी जड असायची, असं काकू सांगतात.

२०१८च्या ऑगस्टमध्ये केरळ बुडालं. १९२४ नंतरचा सर्वांत मोठा पूर, दहा लाखांवर माणसं छावण्यांत. पुराचं आम्हा वसईकरांना वेगळं सांगायला नको. त्याच वर्षीच्या जुलैत आमच्या घरांत पाणी होतं, वीज गेलेली होती, मिठागरातली वस्ती अडकून पडली होती. त्यामुळे पाणी ओसरू लागल्यावर आमच्यातली काही मंडळी केरळातल्या कुट्टनाडात घरं साफ करायला निघाली, तेव्हा काका म्हणाले, “मी येतो. चिखलाचा मला अनुभव आहे.”

“त्या अनुभवातला चिखल मी काढला होता,” काकू म्हणाल्या. पण जाऊ दिलं. फारच आग्रहाने जाऊ दिलं.

नेत्रावती एक्सप्रेसमध्ये काकांच्या तोंडी एकच विषय होता: केळीच्या पानात भाजलेला करिमीन मासा. आम्ही पोचलो ते नेमके सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. मारियामातेच्या जन्माचा सण ८ तारखेला. त्याआधीचे आठ दिवस तिथली पुष्कळ ख्रिस्ती घरं उपास धरतात, मासळी-मटण बंद. वसईत आम्ही नोव्हेना करतो, पण त्यासाठी बोंबील सोडलेला माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही. पहिल्या रात्री ताटात पेज आणि हिरवे मूग आले. वहीत नोंद पडली: ‘जमा: पेज. गरम. मीठ कमी.’

पुढच्या नोंदीही याच थाटाच्या. ‘साप दिसला. चावला नाही.’ ‘लेप्टोची गोळी घेतली. पोटात आग. लेप्टो नाही.’ देवाचे आभार इतके नाराजीने मानणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

कुट्टनाडातली शेतं समुद्रसपाटीच्याही खाली. बांध घालून, पंपाने पाणी उपसून तिथे भात पिकवतात. बांध फुटले की पाणी घरात येतं आणि पाहुण्यासारखं मुक्कामच ठोकतं. आम्हाला मिळालेलं घर एका अम्मच्चीचं, म्हणजे आजीचं. भिंतीवर छातीइतक्या उंचीवर पाण्याची रेघ, जमिनीवर मऊ राड, आणि कापसाची गादी एवढी फुगलेली की उचलायला चौघे लागले. काकांनी फावडं हातात घेतलं, तीन घमेली भरली आणि कमरेला हात लावून उभे राहिले. उरलेली सकाळ ते आमची घमेली मोजत होते.

मग लाकडी कपाटाचा खण उघडेना. भिजून फुगला होता. एक पोरगा हातोडी घेऊन आला तेव्हा काका ओरडले, “थांब!” कपाट फिरवून त्यांनी मागची फळी सैल केली. आत रेशन कार्ड, पासबुक, जमिनीच्या कराच्या पावत्या, बाप्तिस्म्याचे दाखले; सगळ्यांची मिळून एक ओली वीट झालेली. अम्मच्चीने ती पाहिली आणि टाकून द्या अशी खूण केली.

सरकारी कागद टाकायचा? काकांचा चेहरा असा झाला की जणू कुणी मिस्सा चालू असताना शिट्टी वाजवली. त्यांनी बाकावर वर्तमानपत्र पसरलं, दाढीचं ब्लेड काढलं आणि ओल असतानाच एकेक पान सोडवायला घेतलं. वाळल्यावर फाटतं, म्हणाले. मध्ये टीपकागदाऐवजी वर्तमानपत्राचे तुकडे, वर हलका दाब, मग सावलीत दोरीवर चिमट्याने टांगणं. उन्हात शाई उडते. संध्याकाळी दोरीवर त्या घराचा सगळा इतिहास लोंबत होता.

दुसऱ्या दिवशी दारात रांग. आख्खी गल्ली आपापल्या ओल्या विटा घेऊन आली. काका रेल्वेच्या हिंदीत सगळ्यांवर खेकसत होते: पासबुकात दोन वर्षं एन्ट्री का नाही, पावतीवर सही कुठे? लोकांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. ते हसून मान हलवत आणि बिनदुधाचा चहा पुढे करत.

अम्मच्चीने नातवाकरवी विचारलं, तुम्ही कधीपासून ख्रिस्ती? काकांची छाती फुगली. पोर्तुगीज काळापासून, सोळावं शतक. आमच्या वसईचा गोन्सालो गार्सिया १८६२मध्ये संत झाला. अम्मच्ची शांतपणे म्हणाली, आमच्याकडे संत थॉमस इसवी सन ५२मध्ये आले. काकांनी सवयीने विचारलं, “व्हाउचर आहे?” नातवाने भाषांतर केलं नाही. शहाणा पोरगा.

८ तारखेला उपास सुटला आणि करिमीन आलं. त्या घरात धड चूल नव्हती, मासा शेजारून भाजून आणलेला. काकांनी दोनशे रुपये काढले. अम्मच्चीने ती नोट त्यांच्याच खिशात कोंबली, वर एक चापट मारली आणि दुसरा मासा वाढला.

त्या रात्री काका वही उघडून बराच वेळ बसले होते. मी डोकावलो. ज्या रकमेचं काय करायचं ते कळत नाही ती हिशेबात सस्पेन्स खात्यात टाकतात. काकांनी दोन्ही मासे तिथे टाकले होते. खाली चापटही. उजव्या बाजूला कागद सुकवल्याची नोंदच नव्हती. विचारलं तर म्हणाले, “ते काय काम झालं?”

परतल्यावर महिनाभराने काकू बाजारात भेटल्या. चिंतेत होत्या.

“परवा सकाळी चहा दिला तर म्हणाले, ‘थँक्यू’. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा! मला वाटलं, तिकडचा ताप डोक्यात गेला. सरळ डॉक्टरकडे नेलं.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“काय म्हणणार? यांनी त्यांच्या बिलात चूक काढली.”