पुणे ते पुणे, व्हाया अंदमान

परदेशी जायला अख्खं विमान करणारा माणूस नेमकं काय विकत घेतो? वेग म्हणाल तर नाही. सव्वातीनशे जणांना घेऊन जाणारं विमानही ढगांवरून जवळपास त्याच वेगानं पळतं. तो विकत घेतो शेजारी कुणी नसणं. रांग नाही, शेजारच्याचं कोपर नाही, मागच्या सीटवरचं रडकं पोर नाही, वजनकाट्यावर बॅग उघडून लोणच्याची बरणी काकूंच्या पिशवीत ढकलणं नाही. आणि सर्वांत महाग माल म्हणजे ‘कुठं चाललात?’ असं विचारणारं कुणी नसणं.

हा शेवटचा माल पुण्यात 10 फेब्रुवारी 2025 ला सदोष निघाला.

माजी आरोग्यमंत्री तानाजी सावंत यांचे चिरंजीव दोन मित्रांसह लोहगावहून खासगी विमानानं बँकॉकला निघाले. घरी सांगितलं नव्हतं. वडिलांना काळजी वाटली. बापाला काळजी वाटणार, त्यात गैर काही नाही. इथवर गोष्ट आपल्या सगळ्यांच्या घरातली आहे. पुढची नाही. मुलाला कुणीतरी नेल्याची खबर पोलिसांकडे गेली, सिंहगड रोड ठाण्यात अपहरणाचा गुन्हा नोंदवला गेला, फोन हवाई वाहतूक खात्यापर्यंत पोचले आणि अंदमानच्या आसपास उडत असलेल्या विमानाला सांगण्यात आलं, मागं फिरा.

आता जरा डोकं चालवू. चार्टर केलं म्हणून इमिग्रेशन चुकत नाही. पासपोर्ट दाखवावा लागतो, शिक्का बसतो, कस्टमही असतं. पळवून नेलेला मनुष्य खिडकीपाशी उभा राहून अधिकाऱ्याकडून शिक्का मारून घेत नाही. विमान कोणत्या कंपनीचं, आत किती जण, कुठं उतरणार, हे सगळं उड्डाणाआधी कागदावर असतं. देशात कुठली गोष्ट कमीत कमी गुपचूप करता येत असेल, तर ती खासगी विमानानं परदेशी जाणं. वडाप जीपमधून माणूस बेपत्ता होऊ शकतो, चार्टरमधून नाही. पण कागद बघायला वेळ लागतो. फोन लगेच लागतो.

त्या प्रवासातली आमची सर्वांत आवडती गोष्ट म्हणजे पडदा. विमान कुठं पोचलं ते दाखवणारा नकाशा सीटसमोर असतो ना, तो. बातम्यांत आलं की विमान वळवल्याचं आतल्या तिघांना सांगितलंच नाही, नकाशाही बंद ठेवला. म्हणजे बघा, पाऊण कोटीच्या आसपास भाडं मोजल्याचे आकडे छापून आले, मऊ खुर्च्या, दिमतीला माणसं, आणि आपण बँकॉकला चाललोय की पुण्याला, एवढंच काय ते ठाऊक नाही. रात्री चाकं टेकली ती थेट लोहगावला. महाराष्ट्रातल्या मतदाराला ही अवस्था नवी नाही, पण तो त्यासाठी पाऊण कोटी भरत नाही.

मग खुलासे झाले. अपहरण वगैरे काही नव्हतं. आठच दिवसांपूर्वी दुबईची वारी झाली होती, लगेच बँकॉक म्हटलं तर घरचे रागावतील, म्हणून सांगितलं नाही, असं कळलं. तिशी ओलांडलेला गृहस्थ स्वतःचं विमान करू शकतो, पण ‘बाबा, जाऊ का?’ विचारू शकत नाही. मराठी कुटुंबव्यवस्था अजून भक्कम आहे, ती अशी.

बरं, बँकॉकला जायला दुसरी सोय नव्हती असंही नाही. त्याच्या काही महिने आधीच पुण्याहून थेट प्रवासी विमान सुरू झालं होतं. त्यात बसले असते तर? तर वळवायला जड गेलं असतं. दीडशे-दोनशे तिकिटवाले, त्यातले निम्मे पुण्याचे. वैमानिकानं ‘एका प्रवाशाच्या वडिलांच्या आग्रहास्तव आपण परत जात आहोत’ अशी घोषणा केली असती तर विमानातच ग्राहक मंचाचं अधिवेशन भरलं असतं. गर्दी ही कधी कधी सर्वांत चांगली सुरक्षा असते, हे चार्टरवाल्यांना कुणी सांगत नाही.

भाड्याचंही जरा समजून घ्या, कारण हा धंदा मजेदार आहे. लग्नाला क्रूझर करतो तेव्हा ड्रायव्हर परतीचं रिकामं भाडं लावतो की नाही? इथंही तेच. विमान तुम्हाला सोडून रिकामं परत येणार असेल तर त्या रिकाम्या तासांचे पैसे तुमच्याच बिलात. थांबवून ठेवलं तर उभं राहण्याचे पैसे, वैमानिकांच्या हॉटेलचे पैसे, उतरण्याचे पैसे, वर जीएसटी. या हिशेबानं सावंतांच्या घरचा सौदा वाईट म्हणता येणार नाही. परतीचं विमान रिकामं आलं नाही, तिघंही आत होते.

आणि चार्टर विमान म्हटलं की या राज्याला 2022 चा जून आठवल्याशिवाय राहत नाही. शिवसेनेचे बंडखोर आमदार सुरतेहून गुवाहाटीला चार्टरनंच गेले. सावंतही त्याच गटातले. तेव्हा बाळापूरचे आमदार नितीन देशमुख यांच्या पत्नीनं नवरा बेपत्ता असल्याची तक्रार अकोल्यात पोलिसांकडे दिली होती. पुढं देशमुख परतले आणि आपल्याला जबरदस्तीनं नेलं होतं, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. त्या तक्रारीवरून कुठलं विमान वळल्याचं ऐकिवात नाही. उलट विमान गुवाहाटीला गेलं, तिथून सगळे गोव्याला आणि गोव्याहून थेट सत्तेत. विमान कुणासाठी वळतं नि कुणासाठी वळत नाही, याचं वेळापत्रक लोहगावच्या फलकावर लागत नसतं.

आमचा आक्षेप विमान परत आणण्याला नाहीच. तक्रार आली, पोलिसांनी तातडीनं गुन्हा नोंदवला, हालचाल केली, काही तासांत माणूस घरी आणला. यालाच कार्यक्षमता म्हणतात. आक्षेप एवढाच की ती एका मुलासाठी दिसली. एरवी पोराचा फोटो प्लास्टिकच्या पिशवीत घालून आलेल्या आईला ठाण्यात काय ऐकायला मिळतं, ते सांगायची गरज नाही. ‘मित्राकडे गेला असेल. नातेवाइकांकडे बघा. उद्या या, साहेब आल्यावर.’ पोरगी असेल तर पहिला प्रश्न तिच्या मोबाइलबद्दल नि दुसरा तिच्या चारित्र्याबद्दल. या बाईचं पोर अंदमानावर नसतं. ते स्वारगेटवर असतं, दादर स्टेशनात असतं, कुठल्या तरी ढाब्यावर भांडी घासत असतं. तिथवर जायला डिझेल पुरतं.

2008 साली उत्तर प्रदेशातला एक बाप आपली अल्पवयीन मुलगी हरवल्याची तक्रार घेऊन ठाण्यात गेला होता. ठाण्यानं काही केलं नाही. तो पोलीस अधीक्षकांकडे गेला तेव्हा कुठं गुन्हा नोंदवला गेला, तरी शोध हललाच नाही. त्यानं सर्वोच्च न्यायालय गाठलं, आणि नोव्हेंबर 2013 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर पोलिसांना गुन्हा नोंदवावाच लागेल. मर्जीचा प्रश्न नाही. खटल्याचं नाव ललिता कुमारी. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतलं कलम 173 तर आणखी पुढं जातं. घटना कुणाच्याही हद्दीतली असो, कुठल्याही ठाण्यानं खबर लिहून घ्यायची आणि तक्रारदाराला प्रत फुकट द्यायची.

तेव्हा आपल्यापैकी कुणाचं पोर वेळेवर घरी आलं नाही आणि ठाण्यात ‘उद्या या’ ऐकू आलं, तर ललिता कुमारी हे नाव आणि 173 हा आकडा शांतपणे उच्चारा, प्रत हातात पडेपर्यंत बाकावरून उठू नका.