सुळक्याची घरपट्टी

पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी जन्मली. खारघर, कामोठे, कळंबोलीकरांना घरपट्टीची बिलं मात्र २०२१ मध्ये आली, तीही थेट बारशाच्या तारखेपासूनची. मधल्या काळात सिडको सेवाशुल्क घेतच होती. एकाच गटाराचे दोन मानकरी! शिवाय थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती, म्हणजे उशीर त्यांचा आणि दंड आपला. लोक मोर्चे काढून झाले, हायकोर्टातही जाऊन आले.

आता शेजारी विमानतळ आला. घराची किंमत वाढली म्हणून शेजारी पेढे वाटतात. पण राहतं घर विकून ती किंमत खिशात घालायची, तर मग राहायचं कुठे?

कर्नाळा अभयारण्य पालिकेच्या हद्दीबाहेर आहे, हे तिथल्या पक्ष्यांचं नशीब. तिथल्याच कर्नाळा किल्ल्याच्या सुळक्यावर मधमाश्यांनी पोळी बांधलीत: विनापरवाना, बहुमजली, चारी बाजूंनी मोकळी हवा. मोजमापाला कर्मचारी पाठवायचा ठराव झाला, तर आम्ही करदाते त्याला एकमुखाने पाठिंबा देऊ. शिडीचा खर्चही वर्गणीतून करू.