विषय क्रमांक पाच : कार्यालयीन संगणकाबाबत

१४ ऑक्टोबर २०२५ हा मंगळवार होता. मायक्रोसॉफ्टच्या पंचांगात महिन्याचा दुसरा मंगळवार हा डागडुजीचा वार. विंडोजमध्ये सापडलेल्या फटी बुजवणारे पॅच त्या दिवशी निघतात आणि आपल्याकडे रात्रीची जेवणं आटोपेपर्यंत कॉम्प्युटरच्या दारात येऊन उभे राहतात. त्या मंगळवारी विंडोज टेनच्या वाट्याचा शेवटचा बिनशर्त फुकट पॅच आला. २०१५ च्या जुलैत बाजारात आलेल्या या विंडोजबद्दल कंपनीच्याच एका माणसाने त्या वर्षी शिकागोच्या मेळाव्यात ‘ही शेवटची’ असं जाहीरपणे सांगितलं होतं. ‘ही माझी शेवटची निवडणूक’ हे वाक्य दर पाच वर्षांनी ऐकणाऱ्या मराठी मतदाराने ते फारसं मनावर घेतलं नाही आणि ५ ऑक्टोबर २०२१ ला विंडोज इलेव्हन आलंच.

वसुबारस तीन दिवसांवर आली असताना त्याच संध्याकाळी बदलापूर पूर्वेच्या एका सोसायटीत कमिटीची मीटिंग भरली. सोसायटीचं ऑफिस म्हणजे मीटररूमला लागून असलेली दहा बाय आठची खोली. तीत एक लोखंडी कपाट, कपाटावर गणपतीतलं उरलेलं मखर, चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि रेक्झिनचं कव्हर घातलेला कॉम्प्युटर. अजेंड्यावर टाकीची सफाई, कंदिलांचा खर्च, लिफ्टचं एएमसी आणि थकबाकीदारांना नोटीस हे नेहमीचे चार विषय होते. पाचवा सेक्रेटरींनी पेनाने लिहून घातला होता, कारण आदल्या दिवशी मेंटेनन्सची बिलं काढताना विंडोज टेनची मुदत संपत असल्याची पडदाभर एक पाटी आली आणि बिलं तिच्या मागे दडली.

“चालतोय ना?” चेअरमननी पहिला प्रश्न विचारला. महाराष्ट्रात कुठल्याही यंत्राच्या भवितव्याची चर्चा या प्रश्नाने सुरू होते आणि बहुतेक वेळा याच प्रश्नाने संपतेही.

चालत होता. तीच तर या प्रकरणातली मेख आहे. मुदत संपलेलं दूध फाटतं, मुदत संपलेला पास टीसीला दाखवला की दंड होतो. मुदत संपलेलं विंडोज मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या सुरात ‘टिंग’ करून उघडतं. बी-विंगमधला ऐरोलीला नोकरी करणारा इंजिनिअर मुलगा खास निमंत्रित म्हणून आला होता. त्याने समजावून सांगितलं, की अँटिव्हायरसची यादी कंपनी २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत ताजी ठेवणार आहे. म्हणजे वॉचमन गेटवर बसलेला आहे, पण मागच्या कंपाउंडला पडलेलं भगदाड यापुढे कोणी बुजवणार नाही. मागचं कंपाउंड म्हटल्यावर सभासदांना शेजारच्या प्लॉटवाल्याशी चाललेला वाद आठवला आणि दहा मिनिटं त्यात गेली.

“मग इलेव्हन टाका की,” खजिनदारबाई म्हणाल्या. “फुकट आहे म्हणतात.”

फुकट आहेच. पण ते सगळ्यांच्या घरी जेवायला येत नाही. निदान चार जीबी रॅम हवी, चौसष्ट जीबी जागा हवी, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. मुलाने तपासणीचं अ‍ॅप आधीच चालवून पाहिलं होतं. रॅम पास. जागा पास. टीपीएम बायोसमध्ये निजलेला सापडला, त्याला उठवल्यावर तोही पास. प्रोसेसरपुढे मात्र लाल फुली, कारण सोसायटीचा आय-थ्री सातव्या पिढीचा निघाला. एका पिढीने नातं हुकलं.

“सातवी म्हणजे काही फार जुनी नाही,” चेअरमन म्हणाले. मुलाने त्यांच्या बाजूचाच एक पुरावा दिला. कंपनीने नियम केला तेव्हा तिचाच एक महागडा डेस्कटॉप, सरफेस स्टुडिओ २, सातव्या पिढीच्या आय-सेव्हनवर चालत होता. तो यादीबाहेर राहणार म्हटल्यावर त्याचा प्रोसेसर यादीत आला. हे ऐकून कमिटीच्या मनातली कंपनीबद्दलची भीती बरीच कमी झाली. नियम सगळ्यांना सारखा, फक्त चेअरमनच्या गाडीला व्हिजिटर पार्किंगमध्ये सवलत, ही पद्धत त्यांना अपरिचित नव्हती.

खजिनदारबाईंनी डेडस्टॉक रजिस्टर उघडलं. कॉम्प्युटर मे २०१७ मध्ये तीस हजारांना घेतलेला. ऑडिटर दरवर्षी चाळीस टक्के घसारा लावतात. आठ वर्षांचा घसारा जाऊन ३१ मार्च २०२५ ला त्याची पुस्तकी किंमत ५०४ रुपये उरली होती. मुलाने सुचवलेला दुसरा मार्ग असा होता, की कंपनीला पैसे देऊन आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, पॅच घेत राहायचे. घरगुती ग्राहकाला त्याचे तीस डॉलर पडतात, म्हणजे अडीच हजारांच्या वर. पाचशे चारच्या वस्तूवर अडीच हजार खर्च केले, तर ऑडिटर शेरा मारल्याशिवाय राहील का?

मग स्टेशनजवळच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावून स्पीकरवर टाकला. “काका, टेन्शन नका घेऊ. आणा इकडे, अकरा टाकून देतो. पाचशे द्या.” प्रोसेसरचं काय, असं मुलाने विचारलं. “ते चेकिंग बायपास होतं ना, रूफसने पेनड्राइव्ह बनवायचा.” बनतो, हे खरं आहे. पण यादीबाहेरच्या मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच असं कंपनी म्हणत नाही. म्हणजे अपडेट मिळत नाहीत म्हणून जे करायचं, ते केल्यावरही अपडेटचा भरवसा नाही. पाचशे हा आकडा मात्र पुस्तकी किमतीशी इतका जुळत होता, की दोघा सदस्यांनी लगेच अनुमोदन दिलं.

या टप्प्यावर चेअरमननी खुर्ची पुढे ओढली. ते निवृत्त होईपर्यंत न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटकडे होते. २०१७ च्या जूनअखेरीस नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून निघाला आणि मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीची यंत्रणा त्याने जगभर झोपवली. जेएनपीटीमधलं एक टर्मिनल त्याच समूहाकडे होतं, तेही बंद पडलं. कुठला डबा कुठे हे सांगणारी यंत्रणाच नाही म्हटल्यावर कंटेनरच्या गाड्या रस्त्यावर खोळंबल्या. त्या दिवसांत चेअरमन पावसात रेनकोट घालून कागदी याद्या हातात घेऊन फिरले होते. मर्स्कने नंतर आपलं नुकसान वीस ते तीस कोटी डॉलर सांगितलं. “कीव्हमधलं टॅली बिघडलं आणि इथे उरणला आमचा डबा अडकला,” ते म्हणाले. खोलीत क्षणभर शांतता झाली आणि पाचशेच्या प्रस्तावाचं अनुमोदन मागे घेतलं गेलं.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा आणखी एक व्हायरस आला होता. त्याने ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या हजारो अपॉइंटमेंट रद्द करायला लावल्या. ब्रिटिश सरकारने २०१४ मध्ये विंडोज एक्सपीचा आधार संपल्यावर एका वर्षाच्या जादा पॅचसाठी पंचावन्न लाख पौंड मोजले होते; पुढच्या वर्षी ते मोजणं बंद केलं. गंमत अशी, की वॉनाक्रायच्या तावडीत सापडलेल्या मशीन बहुतांश एक्सपीच्या नव्हत्याच, विंडोज सेव्हनच्या होत्या. सेव्हनला तेव्हा आधार होता, पॅचही दोन महिने आधी आलेला होता. लोकांनी तो घेतलाच नव्हता. ‘रिमाइंड मी लेटर’ हे बटण ज्याने काढलं, त्याला माणसाची नस बरोबर सापडली होती.

जगभर जुन्या विंडोज का तगून राहतात, याचं कारण माणसाचा आळस इतकंच नाही. मुळात विंडोज वापरायला कोणी बसत नाही. लोक वापरतात ते तिच्या आत अडकून बसलेलं काहीतरी एक. नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिसच्या ओर्ली विमानतळावर धुक्यातली दृश्यता वैमानिकांपर्यंत पोचवणारी यंत्रणा कोसळली आणि विमानं खोळंबली, तेव्हा ती विंडोज ३.१ वर, म्हणजे १९९२ च्या विंडोजवर चालत असल्याचं जगाला कळलं. आपल्या एटीएममध्ये एक्सपी आहे हे रिझर्व्ह बँकेला ठाऊक होतं. तरी जून २०१८ मध्ये पत्रक काढून बँकांना टप्पे ठरवून द्यावे लागले आणि शेवटचा टप्पा जून २०१९ चा होता. एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्येच गेलेला. मधली पाच वर्षं माणसं त्या यंत्रांतून नोटा काढत होती, आणि नोटाबंदीत तर रांगा लावून.

बदलापूरच्या सोसायटीत ते ‘काहीतरी एक’ म्हणजे खजिनदारबाईंचा नोटिशींचा फोल्डर.

हे उघड झालं लिनक्समुळे. मुलाने खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि काहीही न पुसता त्यावरूनच लिनक्स मिंट चालू करून दाखवलं. मशीन खडखडीत जागं झालं. बँकेची साइट उघडली, मेल उघडली, प्रिंटरनेही थोडे आढेवेढे घेऊन चाचणीचा कागद बाहेर टाकला. फुकट, पॅच नियमित, व्हायरसचा जाच कमी, आणि केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं अशाच मोफत प्रणालीवर चालतात, असं त्याने सांगितलं. “केरळात मेंटेनन्सची बिलं मराठीत निघतात का?” बाईंनी विचारलं आणि आपला फोल्डर उघडायला सांगितला.

‘पाणी येणार नाही’ ही नोटीस उघडली. पडद्यावर डॉलरची चिन्हं, डोक्यावर टोप्या घातलेले रोमन ए, मध्येच येनचं चिन्ह आणि अर्धवट कंस अशी एक ओळ उमटली. युनिकोडच्या आधीच्या जमान्यातल्या फॉण्टमध्ये टाइप केलेल्या मजकुराचं असंच होतं. त्यात ‘पा’ हा ‘पा’ म्हणून साठवलेला नसतो. तो इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर ठेवलेला असतो आणि फॉण्ट त्यावर मराठी मुखवटा चढवतो. मुखवटा काढला की खालचा ए टोपीसकट दिसतो. मुलाने फॉण्टची फाइल आणून बसवली. नोटीस वाचता आली. पण नवीन टाइप करायला घेतली तर समोर आला तो इनस्क्रिप्टचा कीबोर्ड, आणि बाईंची मराठी टायपिंगची तीसची परीक्षा रेमिंग्टनवर झालेली. त्यांनी ‘कळविण्यात येते की’ न बघता टाइप केलं. पडद्यावर जे उमटलं ते कुठल्याच सभासदाला कळवण्यासारखं नव्हतं.

फोल्डरमध्ये सोसायटीची सगळी कारकीर्द होती. गच्चीवर पापड वाळवण्याबाबत, लिफ्टमधून सिमेंटच्या गोणी न नेण्याबाबत, कबुतरांना दाणे टाकण्याबाबत. त्यातल्या कित्येक नोटिशींत फक्त तारीख बदलून वर्षानुवर्षं काम भागत आलं होतं. जुना फॉण्ट युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आहेत, असं मुलगा म्हणाला, फक्त जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घालावी लागतील. सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांच्या घरी चकलीची भाजणी दळायला टाकलेली होती.

नवीन कॉम्प्युटरचा विषय सेक्रेटरींनी हळूच काढला आणि चाळीस हजार हा आकडा निघताच तसाच हळूच मिटला. वार्षिक सर्वसाधारण सभा कायद्याप्रमाणे ३० सप्टेंबरच्या आत उरकलेली होती, आणि त्या सभेत मेंटेनन्स वाढवण्यावरून जे झालं होतं, त्यानंतर सभासदांपुढे आणखी एक खर्च घेऊन जायला कोणी तयार नव्हतं.

तेव्हा एक वर्षाच्या जादा पॅचवर सगळे आले. इथे मुलाने एक सुखद बातमी राखून ठेवली होती. तीस डॉलर न देताही काम होतं. मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्याकडे ठेवू दिला, की वर्षभराचे पॅच फुकट. ‘फुकट’ हा शब्द इतिवृत्तात अधोरेखित झाला. त्याने एक अडचणही सांगितली. ही योजना व्यक्तींसाठी आहे. संस्थांचा दर वेगळा, मशीनमागे एकसष्ट डॉलर आणि दरवर्षी दुप्पट. आता सहकारी गृहनिर्माण संस्था ही व्यक्ती की संस्था? सेक्रेटरी म्हणाले, नावातच संस्था आहे. खजिनदारबाई म्हणाल्या, कायद्याच्या नजरेत संस्था ही व्यक्तीच असते, ऑडिटरांनी सांगितलंय. मुलगा म्हणाला, कायद्याचं राहू द्या, योजनेच्या अटीत तसं बसत नाही. बहुमत बाईंच्या बाजूने झालं.

खातं कोणाच्या नावाने उघडायचं? सेक्रेटरींच्या नावाने उघडलं आणि पुढच्या वर्षी कमिटी बदलली तर पासवर्डसाठी त्यांच्या दारात जावं लागणार. मागचे सेक्रेटरी सोसायटीचा शिक्का घेऊन पुण्याला गेले होते, तो अनुभव ताजा होता. म्हणून सोसायटीच्याच नावाने उघडायचं ठरलं. नाव भरलं. मेल भरली. पुढच्या पानावर जन्मतारीख आली.

संस्थेला जन्मतारीख नसते, नोंदणी दिनांक असतो. चेअरमननी भिंतीवरचं प्रमाणपत्र उतरवून चष्म्याखाली धरलं आणि २०१४ सालची तारीख सांगितली. मुलाने ती भरली. अकरा वर्षांच्या अर्जदाराला खातं उघडायचं तर पालकांची परवानगी लागेल, असं पडद्यावर आलं.

“पालक म्हणजे आपले उपनिबंधकच की,” चेअरमन म्हणाले. उपनिबंधकांच्या कार्यालयात अर्ज द्यायचा तर तो लेटरहेडवर, दोन प्रतींत आणि टाइप केलेला लागतो. योजनेत नाव नोंदवायला अजून वर्ष आहे, असं मुलाकडून खात्रीने कळल्यावर सेक्रेटरींनी इतिवृत्तात नोंद केली : विषय क्रमांक पाचवर सविस्तर चर्चा झाली. उपनिबंधकांना पत्र द्यावे किंवा कसे, याबाबतचा निर्णय पुढील सभेपर्यंत तहकूब. सूचक, खजिनदार. अनुमोदक, सर्वानुमते.