फणसाखालचं इंटरनेट

आमच्या फोंडाघाटला घाट उतरून सगळं येतं. कोल्हापूरचा गूळ येतो, भाजीचे टेम्पो येतात, दाजीपूरच्या बाजूचे गवेसुद्धा मधूनअधून काय पिकलंय ते बघून जातात. रेंज तेवढी वरच्या वळणावर थांबते. पावसाळ्यात लाइट गेली की टॉवरही आमच्याबरोबर अंधारात बसतो.

अशा गावात लोकांना इंटरनेट शिकवायचं काम माझ्याकडे आलं. माझी पात्रता एवढीच, की माझ्याकडे दोन चार्जर आहेत. देवळाच्या सभामंडपात पाच दिवसांचा वर्ग ठरला. हजेरी सात. सातही जण साठीच्या पुढचे.

इथंच माझा वर्ग शास्त्रानुसार बाद होता. 2017 साली सरकारनं प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान काढलं, त्यात सहा कोटी घरांतल्या घरटी एका माणसाला वीस तासांत शिकवायचं होतं. वयाची अट होती 14 ते 60. आता आमच्या वाडीतला 14 ते 60 मधला माणूस असतो डोंबिवलीत नाहीतर नालासोपाऱ्याला. गावात उरतात साठीपुढचे आणि चौदाच्या आतले. पैकी चौदाच्या आतल्यांना शिकवायची गरज नाही आणि साठीपुढच्यांना शिकायची मुभा नव्हती. मधली मंडळी गणपतीला येतात, म्हातारीचा मोबाइल ‘नीट करून’ देतात, त्याला पासवर्ड घालतात आणि विसर्जन आटोपून मुंबईला जातात. मूर्तीबरोबर पासवर्डही पाण्यात.

पहिल्या दिवशी मी एका योजनेची केवायसी घेतली. शेजारची काकी सगळ्यात पुढे बसलेली. तिच्या फोनवर सहा आकडे आले.

“काकी, आकडे वाच बघू.”

तिनं फोन हातभर लांब धरला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “ह्यो नंबर कोणाक सांगू नको म्हणान लिवलेला आसा. आणि तू मास्तर होवन इचारतंस?”

सायबर सुरक्षेचा धडा पाचव्या दिवशी होता. काकीनं तो पहिल्याच दिवशी माझ्यावर उरकला. तेवढ्यात मुदत संपून ओटीपी वारला. पुन्हा मागवला, तर पुढच्या पायरीवर नवऱ्याच्या आधारचा नंबर हवा, आणि त्याच्या फोनवरचा ओटीपीही.

“घोवाक जावन धा वर्सां झाली. तेचो ओटीपी खयसून हाडू?”

वर्गाच्या पुस्तिकेत याचं उत्तर नव्हतं. मी म्हटलं, आपण अंगठ्यानं करू. पण काकीनं सगळा हंगाम ओले काजूगर काढलेले. काजूच्या चिकानं बोटांची सालं जातात, रेषा जातात. चार वेळा पुसून, एकदा पदराला, एकदा माझ्या शर्टाला, तिनं अंगठा टेकवला. यंत्राच्या मते ती काकी नव्हतीच. मग पडद्यावर चौकट आली: मी रोबोट नाही.

“आता माका विचारता, तू रोबोट आसस काय. ह्येका काय सांगू?”

काय सांगणार? माणूस असल्याचा पुरावा तर काजूनं खाल्लेला.

वास्तविक हे शिकवायचे प्रयोग जुने आहेत. घाट चढून गेलं की कोल्हापूर जिल्हा. तिथल्या वारणा खोऱ्यात 1998 साली सत्तर गावं संगणकानं जोडायचा मोठा प्रकल्प झाला. ज्ञानाची गंगा वगैरे येणार होती. शेतकऱ्यानं त्या संगणकाला विचारलं काय? माझ्या उसाचं वजन किती झालं आणि तोड कधी. पुढे 2007 च्या सुमारास संशोधकांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल ठेवून पाहिला. एसएमएस पाठवला की वजन कळायचं. काम भागलं. मला ही गोष्ट फार आवडते, कारण प्रकल्प आखणारे सोडून सगळ्यांना आपल्याला काय हवंय ते माहीत होतं.

आमच्याकडे ऊस नाही, काजू आहे, आणि काजूला ई-पीक पाहणी आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून शेतकऱ्यानं स्वतःच्या शेतात उभं राहून स्वतःच्या पिकाचा फोटो ॲपवर द्यायचा. उत्तम कल्पना. फक्त जिथं काजू आहे तिथं रेंज नाही आणि जिथं रेंज आहे तिथं कोणाचंतरी किराणा दुकान आहे. ग्रामपंचायतींपर्यंत तार नेण्याची योजना 2011 ची. अडीच लाख पंचायती जोडायच्या होत्या. 2015 मध्ये तिचं ‘भारतनेट’ झालं. तारेचं काय ते असो, नाव मात्र वेळेवर बदललं. 2020 च्या पावसाळ्यात आमच्याच तालुक्यातली एक मुलगी कॉलेजच्या ऑनलाइन तासांसाठी डोंगरावर बसली, भावांनी तिला तिथं खोपी बांधून दिली. पेपरात फोटो आल्यावर यंत्रणा धावली आणि तिच्या गावाला जोडणी मिळाली. म्हणजे जोडणीचा अर्ज कसा करायचा, ते आम्हाला कळलं. आधी डोंगर चढायचा.

तिसऱ्या दिवशी काकी आली नाही. चौथ्या दिवशी सातातलं कोणीच आलं नाही. शोधत गेलो तर वरच्या सड्याच्या वाटेवरून पखवाजाचा आवाज. मोठ्या फणसाखाली दगडावर करवंटी, करवंटीत काकीचा फोन (आवाज घुमतो म्हणून), आणि भोवती माझा अख्खा वर्ग. यूट्यूबवर दशावतार रंगात आलेला.

“काकी, हा लावला कोणी?”

“मीच लावलंय. तो माइक दाबलंय नि सांगितलंय, बाय, वायच दशावतार लाव.”

टायपिंग नाही, पासवर्ड नाही. शिवाय त्याच दगडावरून ती रोज रात्री नालासोपाऱ्याच्या नातवाला व्हिडिओ कॉल करते. नातवाला आजीचं फक्त कपाळ दिसतं, पण त्याची तक्रार नाही.

मी पुस्तिका मिटली. अहवाल मात्र द्यायचा होता, आणि त्याला ठिकाणासकट काढलेला फोटो हवा. सभामंडपातून फोटो जाईना. काकीनं मला दगडावर उभं केलं, “उजव्या हातात धर, वायच घाटाकडे तोंड कर” अशी पोझ दिली आणि वर्गाचा फोटो तिथूनच गेला. सात जण, मागे फणस, कडेला करवंटी.

आठवड्यानं अहवाल परत आला. शेरा होता: प्रशिक्षणाचे ठिकाण जुळत नाही, नकाशावर जंगल दिसते, खुलासा करावा.

काकीला वाचून दाखवला. तिनं फणसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मगे कागदार ठिकाणच बदल. वर्ग हयच घेऊया. रेंज तरी आसा.”